खळीचे डाग असलेली पोस्टरे

सिनेमाची जुनी पोस्टरे जमवणे हा मोठ्या शहरातल्या पैसेवाल्यांचा नाद आहे, असे आपल्या समाजात सर्रास मानले जाते. मानणाऱ्यांचे फारसे चुकत नाही. मुंबई-दिल्लीत जुन्या पोस्टरांचे लिलाव होतात, काचेच्या चौकटीत घालून ती दिवाणखान्यात लावली जातात. अलीकडे तर 'लिमिटेड एडिशन' नावाचा एक नवाच प्रकार निघाला आहे. जुन्या पोस्टरची नव्याने भारी कागदावर छपाई करायची, प्रती शंभर किंवा दोनशेच काढायच्या, प्रत्येकीच्या कोपऱ्यात पेन्सिलीने 37/100 असा आकडा घालायचा आणि यापुढे छपाई बंद असे जाहीर करायचे. प्रती थोड्या, म्हणून भाव जास्त.

आम्ही बीड जिल्ह्यातले, पगार कारकुनाचा. तरीही आमच्या माळ्यावर पत्र्याच्या दोन पेट्या आहेत आणि त्यांत सिनेमाची 143 पोस्टरे आहेत. बी.कॉम. झाल्यामुळे वही ठेवण्याची खोड जडलेली, त्यामुळे प्रत्येकाची नोंद आहे: सिनेमाचे नाव, साल, छापखाना, कुठे मिळाले, काय दिले. 'काय दिले' या रकान्यात बहुतेक ठिकाणी 'एक चहा' असे लिहिलेले आहे. विहारात, मोर्चात, जयंतीच्या बैठकीत भेटणारे बांधव विचारतात, "भाऊ, तुम्ही चळवळीचा माणूस. हे नट-नट्यांचे कागद कशाला सांभाळता?" या प्रश्नाला एका वाक्यात उत्तर देता येत नाही, म्हणून हा लेख.

आधी अस्सल पोस्टर कशाला म्हणायचे ते सांगतो, कारण फसवणूक इथेच होते. सिनेमा पहिल्यांदा लागला तेव्हा थिएटरवर आणि भिंतींवर चिकटवण्यासाठी जे छापले गेले ते अस्सल. आपल्याकडे त्याचे नेहमीचे माप 30 बाय 40 इंच. कागद पातळ, कारण त्याचे आयुष्य एका आठवड्याचेच धरलेले असे. ते घड्या घालून गठ्ठ्याने येई, म्हणून जुन्या पोस्टरवर घडीच्या रेषा असणारच. बिनघडीचे कोरे करकरीत 'मदर इंडिया' कोणी दाखवले तर खिशावर हात ठेवावा. खालच्या कडेला छापखान्याचे नाव बारीक अक्षरात असते आणि कोपऱ्यात बऱ्याचदा चित्रकाराची सही. भिंगातून पाहिले तर ऑफसेटवर छापलेल्या पोस्टरात रंगाचे ठिपके रांगेने दिसतात, त्याआधीच्या शिळाछापात हाताने काढलेल्या खडूसारखा खरखरीतपणा दिसतो. चाललेला सिनेमा पुन्हा लावताना पुन्हा पोस्टर छापत. तेही खरेच, पण पहिल्या खेपेचे नव्हे. 'शोले' 1975 चा, पण त्याची पोस्टरे त्यानंतर कितीदा छापली गेली असतील! 'मुगले आझम' 1960 चा, तो 2004 साली रंगीत करून परत लावला तेव्हा नवी पोस्टरे निघाली. हा फरक न कळणाऱ्याला बाजार सहज गुंडाळतो.

'मुगले आझम'चे नाव निघालेच आहे तर कोल्हापूरच्या जी. कांबळे यांची आठवण काढल्याशिवाय पुढे जाववत नाही. व्ही. शांताराम यांच्या राजकमलमधून त्यांना के. आसिफ यांनी या सिनेमाची पोस्टरे रंगवण्यासाठी आणले. शासनाने मान्य केलेले छत्रपती शिवाजी महाराजांचे चित्रही त्यांच्याच कुंचल्यातले. कोल्हापूरला ही परंपरा बाबूराव पेंटर यांच्यापासूनची. त्यांच्या 'कल्याण खजिना' या 1924 च्या मूकपटाचे पोस्टर आपल्या देशातल्या सर्वांत जुन्या उपलब्ध पोस्टरांत गणले जाते. पुढे 1975 च्या 'दीवार'चे पोस्टर करणारे दिवाकर करकरे आले. ज्यांच्या हाताने गावोगावच्या भिंती रंगल्या त्यांची नावे किती घरांत ठाऊक आहेत? नटाचे नाव पोराटोरांना पाठ, आणि चित्रकाराचे नाव कोपऱ्यात, तेही घडीत गेलेले.

आमच्या जिल्ह्याच्या पोस्टरांची आणखी एक गंमत आहे. बीड 1948 पर्यंत निझामाच्या राज्यात. राज्य गेले, जिल्हा आधी द्विभाषिक मुंबईत आणि 1960 ला महाराष्ट्रात आला, पण सिनेमाच्या वाटपाच्या धंद्यात मराठवाड्याला 'निझाम सर्किट' म्हणण्याची रीत टिकून राहिली. जुन्या हिंदी पोस्टरांवर नाव देवनागरी, रोमन आणि उर्दू अशा तीन लिप्यांत असे. आमची माय निरक्षर, तिला तिन्ही सारख्याच. ती चेहऱ्यावरून सिनेमा ओळखी. पोस्टर हे असे न शिकलेल्या माणसाचे वर्तमानपत्र होते.

आता मूळ गोष्टीकडे येतो. आमचे कालकथित वडील, आम्ही त्यांना दादा म्हणत असू, तालुक्याच्या गावी एका थिएटरची पोस्टरे चिकटवण्याचे काम करीत. दिवसा हमाली आणि गुरुवारी रात्री पोस्टर, कारण शुक्रवारी सिनेमा बदले. मैद्याची खळ माय घरी चुलीवर शिजवी. त्यात चिमूटभर मोरचूद टाकावा लागे, नाहीतर कीड लागते आणि गुरेही खळीच्या वासाने कागद ओढतात. सायकलला बादली, खांद्यावर शिडी, हातात कुंचा. एका रात्रीचे 10 रुपये. नव्या पोस्टरचा नियम असा की ते जुन्याच्या डोक्यावर बसते. एकेका भिंतीवर बोटभर जाडीचा थर साचलेला असे. पावसाळ्यात तो फुगून एकदम गळून पडला की खालून चार वर्षांपूर्वीचा कोणी नट डोळे मिचकावीत बाहेर येई.

बाबासाहेबांच्या जन्मशताब्दीच्या काळात, 1990 साली 'भीमगर्जना' हा मराठी चित्रपट आला. आमच्या तालुक्याला तो पोचायला वेळ लागला. आम्ही तेव्हा पाचवीत होतो. खेड्यापाड्यांतून माणसे ट्रॅक्टरने, बैलगाडीने आली. आयाबायांनी पांढरी लुगडी नेसली होती, जणू जयंतीच आहे. त्या आठवड्यात दादांनी अकरा ठिकाणी पोस्टर लावले आणि प्रत्येक ठिकाणी शिडीच्या वरच्या पायरीवरून, हात पुरेल तितके उंच. एरवी ते इतके कष्ट घेत नसत. कारण उघड होते. नामांतराचा प्रश्न त्या वेळी मराठवाड्यात पेटलेलाच होता, 1978 ची जाळपोळ लोक विसरले नव्हते, आणि खाली लावलेल्या कागदाला शेण फासायला रात्र पुरते.

पुढचा गुरुवार आला. गठ्ठा आला. आता 'भीमगर्जना'वर मारधाडीचा कुठलासा हिंदी सिनेमा चिकटवायचा. दादा बादली घेऊन बाहेर पडले खरे, पण खळीच्या बादलीबरोबर त्यांनी गरम पाण्याची दुसरी बादली घेतली. मायला म्हणाले, "माझ्या हातानं बाबासाहेबांच्या तोंडावर दुसरा कागद बसायचा नाही. आधी त्यांना खाली घेतो, मग बाकीचं."

बरोबरीचा एक गडी हसून म्हणाला, "अरं, ते बाबासाहेब न्हाईत, नट हाय त्यो."

दादा म्हणाले, "नट हाय ते मला ठावं हाय. पण खालून बघणाराला कोण दिसतं ते सांग."

त्या रात्री अकरा ठिकाणांवरून अकरा पोस्टरे भिजवून सोडवली. पहाटेपर्यंत काम चालले, नवी पोस्टरे निम्मीच लागली, आणि मालकाच्या माणसाने दोन आठवड्यांचे पैसे कापले. अकरांपैकी धड निघाली ती चार. मायने ती बाजेवर गोधडी अंथरून सावलीत वाळवली. त्यांच्या पाठीला भिंतीचा चुना तसाच आहे, एकाचा उजवा कोपरा भिंतीवरच राहिला, खळीचे पिवळे डाग तर सगळ्यांवर आहेत. आमच्या वहीत क्रमांक 1 ते 4 ही तीच पोस्टरे. 'काय दिले' या रकान्यात आम्ही '20 रुपये (मजुरीतून कपात)' असे लिहिले आहे.

बाकीची पोस्टरे मागाहून जमली. परळीच्या भंगारवाल्याकडे, अंबाजोगाईच्या रद्दीच्या दुकानात, गेवराईकडच्या एका पानटपरीच्या छताला आतून लावलेली. आपल्या लोकांनी पोस्टर कधी वाया घालवले नाही, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. मांडणीवर भांड्यांखाली पोस्टर, पोरांच्या वह्यांना कव्हर पोस्टरचे, गळक्या पत्र्याला आतून पोस्टर. दादा कोंडक्यांच्या 1971 च्या 'सोंगाड्या'चे पोस्टर आम्हाला ऊसतोडीला जाणाऱ्या एका मावशींच्या पेटीच्या झाकणात मिळाले. दरसाल ती पेटी कोयत्याबरोबर साखर कारखान्याच्या फडावर जाऊन येई. "घेऊन जा लेकरा," त्या म्हणाल्या, "पण झाकणाला दुसरा कागुद लावून दे." आम्ही लावून दिला.

तंबूतल्या सिनेमाचाही यात वाटा आहे. 1956 नंतर आपण यात्रा-जत्रा सोडल्या, देवीला नारळ बंद केले, हे योग्यच झाले. पण यात्रेत टूरिंग टॉकीजचा तंबू पडला की वस्तीतली तरुण मंडळी देवळाकडे पाठ करून थेट तंबूत जात, हेही खरे आहे आणि ते लपवण्याचे कारण नाही. महाराष्ट्रातल्या या फिरत्या तंबूंवर शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी केलेला माहितीपट 2016 साली कान महोत्सवात गौरवला गेला. त्या तंबूंच्या मालकांनी फेकलेल्या गठ्ठ्यांतून आमच्याकडे वीस-बावीस पोस्टरे आली आहेत.

इतकी पोस्टरे पसरून बसले की एक गोष्ट डोळ्यांत भरते. यात आपण कुठे आहोत? शोधावे लागते. 1936 साली बॉम्बे टॉकीजचा 'अछूत कन्या' आला. अस्पृश्य मुलगी आणि ब्राह्मण मुलगा यांची प्रेमकथा, शेवटी मुलीनेच मरायचे. देविकाराणी आणि अशोककुमार. हिंदुस्थानभर नाव झाले. त्याच 1936 साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने बाबासाहेबांचे भाषण ठरवले आणि मजकूर वाचून परिषदच रद्द केली. बाबासाहेबांनी ते भाषण स्वखर्चाने छापले. तेच 'अॅनिहिलेशन ऑफ कास्ट'. 1500 प्रती काढल्या आणि त्या दोन महिन्यांत संपल्या. पडद्यावरच्या अस्पृश्य मुलीसाठी लोक रडले आणि खऱ्या माणसाचे भाषण ऐकायला मात्र सभागृह मिळाले नाही. आम्हाला विचाराल तर त्या सालातले खरे 'लिमिटेड एडिशन' म्हणजे त्या 1500 प्रती.

पुढे 1959 ला बिमल रॉय यांचा 'सुजाता' आला. नूतन यांनी काम उत्तम केले, सिनेमा तळमळीचा आहे, पण सुजाता रक्त देते तेव्हा कुठे तिला घरात लेक म्हणून जागा मिळते. 1982 च्या 'गांधी' या एवढ्या लांब सिनेमात बाबासाहेबांचे पात्रच नाही. गोलमेज परिषद, पुणे करार, घटना, हे सगळे घडवणारा माणूस त्या पडद्यावर नाही, म्हणून त्याच्या पोस्टरवरही नाही. याउलट आचार्य अत्र्यांचा 'महात्मा फुले'. 1954 च्या जानेवारीत त्याच्या मुहूर्ताला स्वतः बाबासाहेब आले होते, आणि मराठी चित्रपटाचे राष्ट्रपतींचे रौप्यपदक त्याला मिळाले. त्याचे अस्सल पोस्टर आम्ही वीस वर्षे शोधतो आहोत.

1993 चा 'युगपुरुष डॉ. बाबासाहेब आंबेडकर', मग जब्बार पटेल यांचा, मामुट्टी यांनी बाबासाहेब साकारलेला, 2000 साली प्रदर्शित झालेला चित्रपट. हा आमच्या वस्तीने विहारात टीव्हीवर सीडी लावून पाहिला, त्यामुळे त्याचे पोस्टर गावाच्या भिंतीवर लागलेच नाही. ज्याचे पोस्टर लागत नाही त्याची आठवण गावात राहत नाही, हे आम्ही अनुभवाने सांगतो. नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री'त शाळेच्या भिंतीवरची बाबासाहेबांची आणि इतर महापुरुषांची चित्रे आणि पुढून डुक्कर वाहून नेणारे कुटुंब, हे दृश्य ज्यांनी पाहिले आहे त्यांना भिंत म्हणजे काय हे सांगायला नको. पण 'फँड्री', 'सैराट' आले तोवर खळीची बादली गेली होती. फ्लेक्स आला होता, आणि फ्लेक्स कोणी भिजवून सोडवीत नाही. त्याची ताडपत्री होते.

एकदा 6 डिसेंबरला चैत्यभूमीवर अभिवादन करून दुसऱ्या दिवशी आम्ही मुंबईच्या चोरबाजारात गेलो. पोस्टरांची दुकाने तिथे आहेत, अस्सल आणि नक्कल शेजारी शेजारी. एका दुकानात 'अछूत कन्या'ची आकडा घातलेली नवी प्रत टांगलेली होती, भाव दोन हजार. आम्ही आमच्या क्रमांक 1 चा फोटो दाखवला. दुकानदाराने एक नजर टाकली. "गोंद लगा है, पीछे चूना है, कोना गायब है. इसका कुछ नहीं आएगा." आम्ही त्याला दोष देत नाही, त्याचा धंदा स्वच्छ कागदाचा.

पण बाजाराची नजर फिरते. 'सैराट' गाजल्यानंतर दलित सिनेमावर अभ्यास करणारे देशात-परदेशात वाढले, आणि 2019 साली पोस्टरांचा एक व्यापारी आमच्या दारात आला. त्याने आधी हिंदी पोस्टरे पाहिली. आमच्या थोरलीची नर्सिंगची फी भरायची होती, तेव्हा 'दीवार' धरून नऊ पोस्टरे आम्ही दिली, पावती लिहून घेतली, वहीत तांबड्या शाईने वजा केली. त्याचे आम्हाला दुःख नाही. अमिताभची पोस्टरे सांभाळणारे पुष्कळ आहेत. मग त्याने क्रमांक 1 ते 4 कडे बोट केले आणि नऊंचे मिळून जेवढे झाले होते त्याहून जास्त चौघांचे देऊ केले. डाग आता त्याला चालत होते. म्हणाला, डागांमुळेच ते अस्सल ठरते.

आमच्या सहचारिणी म्हणाल्या, "अहो, दोन ठेवा, दोन द्या. पुढच्या वर्षाचीही फी आहे." व्यवहार म्हणून त्यांचे म्हणणे चूक नव्हते. थोरली गप्प. माय कोपऱ्यात वाती वळल्यासारखी बोटे वळीत बसली होती. ती म्हणाली, "तुझ्या बापाची दोन आठवड्याची मजुरी गेली. त्या पंधरवड्यात आपण काय खाल्लं ते त्याला सांग, त्याचा भाव धर, मग दे." व्यापाऱ्याने चहा घेतला आणि गेला. दुसऱ्या वर्षाची फी पतसंस्थेचे कर्ज काढून भरली, ते कर्ज गेल्या वर्षी फिटले.

चौघांपैकी एक आम्ही विहाराला दिले. तिथेही वाद झालाच. काही वडीलधाऱ्यांचे मत पडले की ते तथागत आणि बाबासाहेबांच्या प्रतिमांशेजारी लावावे आणि फुले वाहावीत. आम्ही ठाम विरोध केला. तो नट आहे, त्याची पूजा करायला लागलो तर बावीस प्रतिज्ञांचे काय? शेवटी अभ्यासिकेच्या भिंतीवर, स्पर्धा परीक्षेच्या पोरांच्या डोळ्यांसमोर ते लागले, खाली चिठ्ठी: 'भिंतीवरून सोडवलेले'.

दुसरे पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला द्यावे असे मनात आहे. 1964 ला सुरू झालेली ही संस्था. पी. के. नायर यांनी तिच्यासाठी दादासाहेब फाळक्यांचे मूकपट हुडकून आणले. 2022 पासून ती राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात सामावली आहे. रिळांबरोबर पोस्टरे, छायाचित्रे, गाण्यांची पुस्तकेही तिथे जपतात. सरकारी दप्तर म्हणून नाक मुरडणारे आपल्यात आहेत, पण आमच्या माळ्यावर मे महिन्यात भाकरी भाजेल इतका पत्रा तापतो. कागदाला त्यापेक्षा तिथली थंड खोली बरी. आणि पन्नास वर्षांनी कोणी मराठी सिनेमाचा इतिहास लिहायला बसला तर त्याला बाबासाहेबांचे पोस्टर आमच्या पेटीत सापडणार नाही, तिथेच सापडेल.

ज्यांच्या घरी असे काही असेल त्यांच्यासाठी दोन शब्द. लॅमिनेशन करू नका, ते परत निघत नाही. चिकटपट्टी लावू नका, तिचा डाग दहा वर्षांनी आरपार जातो. वर्तमानपत्रात गुंडाळू नका, त्या कागदातले आम्ल पोस्टर पिवळे करते. धुतलेल्या जुन्या सुती लुगड्यात सपाट ठेवा, पेटी जमिनीपासून विटांवर चढवा म्हणजे वाळवी लागत नाही, आणि वर्षातून एकदा पावसाळा सरल्यावर सावलीत उघडून बघा. पोस्टर भिंतीवर असेल तर ओढू नका. कोमट पाण्याच्या फडक्याने अर्धा तास भिजवा आणि वरच्या कडेपासून सोडवत या. भिंतीचा चुना निघाला तर निघू द्या, खरवडू नका.

आम्हाला सध्या हवे आहे ते असे: 'महात्मा फुले'चे कुठलेही पोस्टर किंवा हँडबिल, 'युगपुरुष'चे थिएटरवरचे फोटोकार्ड, आणि 'भीमगर्जना' ज्या ज्या गावात लागला तिथली 'आज शुभारंभ, रोज 4 खेळ' असे छापलेली पट्टी. फाटकी चालेल, अर्धी चालेल. विकत मागत नाही, फोटो काढून वहीत नोंद करू आणि वस्तू ज्याची त्याला परत देऊ. पेटीच्या झाकणाला लावलेली असेल तर झाकणाला दुसरा कागद लावून देऊ.